ऑल्डनशॉ लेडीजची तहकूब सभा

ऑल्डनशॉ, इंग्लंड
९ मार्च २०२५

प्रिय काका आणि काकू,
सा. न.

फोन न करता पत्र पाठवतेय, कारण फोनवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काकू विचारते "जेवलीस का?", काका म्हणतात "हं, हं, घे, कुशलशी बोल", आणि कुशलदादा मीटिंगमध्ये असतो. या वेळी मला नीट उत्तर हवंय, आणि तेही काकांकडून.

काका, पुण्यातल्या चैत्रवेल सोसायटीचे तुम्ही बावीस वर्षं सेक्रेटरी होतात. बिल्डर, महापालिका आणि तिसऱ्या मजल्यावरचे वकील या तिघांनाही तुम्ही कसं सरळ केलंत, ते बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. तर आता तुमची पुतणीही सेक्रेटरी झालीय. फुटबॉल क्लबची. हसू नका!

हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून झाले की मी संध्याकाळी ऑल्डनशॉ लेडीजच्या दुसऱ्या टीममध्ये खेळते, हे काकूला माहीत आहे. सप्टेंबरच्या सभेत "नवीन सेक्रेटरी कोण?" असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा सगळ्या जणी आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागल्या. मी नवखी, मी वर बघत होते. झाले सेक्रेटरी.

हा क्लब १९६८ सालचा. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला बसणाऱ्या अकरा मुलींनी काढलेला. इथल्या फुटबॉल असोसिएशननं १९२१ मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर खेळायला बंदी केली होती आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. म्हणजे या पोरींनी बंदी असताना क्लब काढला. आज आमच्या बायकांच्या दोन टीम आहेत आणि लहान मुलींच्या चार. सगळा कारभार बायकाच बघतात.

आता अडचण सांगते. गावातला पुरुषांचा मोठा क्लब म्हणतोय, "आमच्यात या. मैदान आमचं, कोच आमचा, कपडे आमचे." फक्त नावही त्यांचं आणि निर्णयही त्यांचे. आमची कमिटी बरखास्त. खेळणाऱ्या बऱ्याच जणी खूश आहेत, कारण सध्याही आम्ही त्यांच्याच मागच्या मैदानावर भाड्यानं खेळतो. अध्यक्षबाईंना येत्या मंगळवारी पाच जणींच्या कमिटीतच ठराव करून टाकायचाय. मला हे पटत नाही, पण बोलायला मुद्दा सापडत नाही. काका, असं कमिटीत करता येतं का?

तुमची,
गार्गी

•

तोआ पायोह, सिंगापूर
१० मार्च २०२५

चि. गार्गीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी ऋग्वेदानं टॅबवर मोठी अक्षरं करून दाखवलं. उत्तर मी हातानं लिहितेय, ती त्याचा फोटो काढून पाठवेल. "आजी, व्हॉइस मेसेज कॅन लाह, सो मच फास्टर," असं म्हणून झालंय. व्हॉइस मेसेजला समास नसतो, हे तिला कोण सांगणार!

काका खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला गेलेत. पण जाताना त्यांनी सगळं सांगितलंय, ते लिहिते.

काका म्हणतात, कमिटीला असला अधिकार नसतो. पाच जणींनी बसून घर विकायचं म्हटलं तर बाकीच्यांनी काय झाडलोट करायची? क्लबची घटना आधी बाहेर काढ. "कुठेतरी असेल" हे उत्तर घेऊ नकोस, कागद हातात घे. त्यात तीन गोष्टी बघ. क्लब मोडायचा किंवा नाव बदलायचं तर कोणती सभा लागते, सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, आणि सभासद म्हणजे कोण. काका म्हणतात, तिसरी गोष्ट लोक कधी वाचत नाहीत आणि भांडण नेमकं तिथंच असतं.

मंगळवारी एवढंच म्हण: "घटना वाचेपर्यंत हा विषय तहकूब ठेवावा, आणि माझं हे म्हणणं इतिवृत्तात लिहावं." लिहावं म्हटलं की माणसं सावध होतात. इतिवृत्त तूच लिहितेस ना? मग घाबरतेस कशाला?

थंडीत पायमोजे घालून झोपत जा. कुशल आणि राधिका बरे आहेत, दोघंही घरी कमी आणि एमआरटीच्या गाडीत जास्त असतात.

तुझी,
काकू

•

ऑल्डनशॉ
३० मार्च २०२५

प्रिय काका आणि काकू,
पाडव्याच्या शुभेच्छा! मी गुढी उभारली नाही, पण श्रीखंड खाल्लं, डब्यातलं.

काका, तुम्ही थोर आहात. मंगळवारी मी "इतिवृत्तात लिहावं" म्हटलं आणि खोली गार झाली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, घटना वाचायला हवी." त्या वाईट नाहीत हं. गेली नऊ वर्षं पावसात उभ्या राहून त्यांनी कोपऱ्यातली निशाणं रोवलीत. दमल्यात बिचाऱ्या.

घटना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मिळाली, १९७४ सालची, टाइप केलेली. नाव बदलायला किंवा दुसऱ्या क्लबात विलीन व्हायला विशेष सर्वसाधारण सभा, एकवीस दिवसांची लेखी सूचना, तीस जणींचा कोरम, आणि हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मतं. आणि सभासद कोण? खुर्चीला धरून बसा. "क्लबकडून पंचवीस सामने खेळलेली प्रत्येक स्त्री तहहयात सभासद राहील." हे कलम कोणी कधी रद्द केलेलं नाही!

त्याच डब्यात सामन्यांच्या वह्या आहेत. कोण खेळलं, कितव्या मिनिटाला गोल, कुणाच्या पोराला गोवर म्हणून कोण आलं नाही, सगळं. तीन रात्री वाचत बसले. पहिली दोन वर्षं यांना मैदानच नव्हतं, गॅसच्या कारखान्यामागच्या उतारावर खेळत. एका पानावर लिहिलंय, "चेंडू पुन्हा कालव्यात. मॉरीननं काढला." ही मॉरीन पहिली गोलकीपर, आज एकोणऐंशी वर्षांची आहे आणि बसस्टॉपपलीकडेच राहते. क्लबकडून तिला तीस वर्षांत एक चिठ्ठी गेलेली नाही.

तिच्याकडे चहाला गेले. तिनं सांगितलं, शेजारच्या गावातल्या बायकांचा क्लब असाच पुरुषांच्या क्लबात गेला. तीन वर्षांनी पुरुषांची टीम खालच्या विभागात घसरली आणि पहिली कात्री बायकांच्या टीमला लागली. तेव्हा त्यांच्याकडे ना नाव होतं, ना कमिटी. पोरी घरी बसल्या. काका, आता मला मुद्दा सापडलाय. हा क्लब बायकांच्या हातातून जाऊ द्यायचा नाही.

गार्गी

•

तोआ पायोह
३ एप्रिल २०२५

चि. गार्गीस,
आशीर्वाद.

शाब्बास! पत्र वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या, राधिका स्वयंपाकघरातून बघायला आली.

काका म्हणतात, जुन्या प्रत्येक सभासदाचा पत्ता शोध आणि सूचना साध्या टपालानं पाठवू नकोस. पोच सही करून घेणाऱ्या टपालानं पाठव. उद्या कोणी म्हणालं "मला कळलंच नाही", की पावती पुढे करायची. आमच्या वकीलसाहेबांनी तीन वेळा "कळलं नाही" म्हटलं होतं. चौथ्या वेळी त्यांची सहीच त्यांना दाखवली.

कोरमची काळजी करू नकोस. काका म्हणतात, ठरलेल्या वेळेला माणसं कमी भरली तर सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि त्याच जागी तीच सभा पुन्हा सुरू करायची. मग कोरम लागत नाही. आमच्या बावीसातल्या वीस सभा अशाच झाल्या. लोक चहा प्यायला मुद्दाम अर्धा तास उशिराच येत.

ऋग्वेदाला मी डब्यातल्या वह्यांची गोष्ट सांगितली. तिनं लगेच विचारलं, "आत्या प्लेज फॉर अ क्लब दॅट वॉज बॅन्ड? सो कूल!" दुसऱ्या दिवशी बॉल हवा झाला. खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, बॉल खेळू नये अशी पाटी आहे, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला पलीकडच्या मैदानात नेते. सोबत समोरच्या ब्लॉकमधल्या चार मुली येतात. चिनी, मलय, तमिळ, सगळं भांडण इंग्रजीत. कुणाला आधी गोलात उभं करायचं यावरून हमरीतुमरी झाली, तेव्हा मी त्यांना पाळीची यादी करून दिली. आता यादीशिवाय कोणी गोलात पाय ठेवत नाही.

तुझी,
काकू

•

ऑल्डनशॉ
२५ मे २०२५

प्रिय काका,

हे पत्र फक्त तुम्हाला. राग मानू नका, पण मला आज रागच आलाय.

काल सभा झाली. म्हणजे झालीच नाही. सत्तावीस जणी आल्या. जुन्यांपैकी फक्त चार. का ते ऐका. सही करून घ्यायचं टपाल बघून म्हाताऱ्या घाबरल्या. एकीला वाटलं कोर्टाचं समन्स, एकीला वाटलं टीव्हीच्या लायसनचा दंड मागणारे. बऱ्याच जणींनी दारच उघडलं नाही!

कोरमला तीन कमी. मी उठले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "सभा अर्धा तास तहकूब, नंतर कोरमची गरज नाही." अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, "हे कुठल्या कलमात आहे?" मी घटना चाळली. एकदा, दोनदा. कुठेच नाही, काका! आमच्या घटनेत लिहिलंय की कोरम नसेल तर सभा चौदा दिवसांनी, आणि तेव्हाही तीसच. मागून कोणीतरी हसलं. "तिच्या देशात असेल तसं," असंही कानावर आलं.

तुमच्या शब्दावर विसंबून मी वाचलंच नाही. आधी वाच म्हणून सांगणारे तुम्हीच ना? आता ७ जूनला पुन्हा सभा. माझं ऐकेल कोण?

गार्गी

•

तोआ पायोह
२७ मे २०२५

चि. गार्गीस,

पत्र काकांना आलं, त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग कोपी प्यायला गेले.

काकांवर रागावू नकोस. त्यांनी तुला काही सांगितलेलंच नाही. अर्धा तास, पोचपावती, घटना, सगळं मी सांगितलं. चूक माझी आहे.

नीट सांगते. फ्लॅट काकांच्या नावावर होता, म्हणून सभासद ते, म्हणून सेक्रेटरीही ते. बँकेतून रात्री आठला घरी यायचे. सूचना मी लिहायची, इतिवृत्त मी लिहायचं, महापालिकेत मी खेटे घालायचे, वकिलांशी जिन्यात मी भांडायचं. सही त्यांची. सभेत मी शेवटच्या रांगेत बसायचे आणि ते बोलताना अडखळले की चिठ्ठी पाठवायचे. बावीस वर्षं. तुझे बाबा पाहुण्यांना सांगतात, तेव्हा मी पोहे वाढत असते. काकांनी कधी माझं श्रेय लपवलं नाही, पण कोणी विचारलंही नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. सवय झाली होती. तुलाही सवयीनंच "काका म्हणतात" लिहीत गेले. वाटलं, तसं लिहिलं तरच तू ऐकशील.

काल तुझा राग त्यांच्या नावावर पडला, तो मात्र मला सोसवेना. श्रेय गेलं ते गेलं, पण माझी चूक दुसऱ्यानं का भोगायची? खरं सांगू? "चूक माझी" असं लिहिताना मला लाज वाटायला हवी होती. पण छातीत कसं मोकळं मोकळं वाटलं. काहीतरी पहिल्यांदा माझ्या नावावर पडलं, चूक का असेना!

चूक अशी की आपल्या सोसायटीचा पोटनियम मला इतका पाठ, की तो साऱ्या जगाचा असेल असं धरून चालले. नाहीतर तुला सांगितलंच असतं, कलम वाच म्हणून.

आता रडत बसू नकोस. चौदा दिवस मिळालेत ना? टपाल पुरे झालं. एकेकीच्या दारात जा. मॉरीनबाईंना सोबत घे, त्यांना बघून दारं उघडतील. जाताना त्या वह्या ने आणि प्रत्येकीला तिच्या नावाचं पान दाखव. आणि मत कुठं द्यायचं ते सांगू नकोस. सेक्रेटरीनं नुसतं बोलवायचं असतं.

वसुधाकाकू

ता. क. (हे मी, हरीश) : तिनं लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. मी आजवर बोललो नाही, हा दोष माझा. आज जेवताना कुशलला आणि राधिकाला सांगितलं. कुशलनं उठून आईचं ताट धुतलं.

•

ऑल्डनशॉ
८ जून २०२५

प्रिय काकू,

आधी पाया पडते, मग बातमी.

बारा दिवस मी आणि मॉरीन फिरलो. तिच्या एका गुडघ्यात धातूचा सांधा, म्हणून मी गाडी हळू चालवायची आणि ती खिडकीतून ओरडायची. वहीतलं पान बघून बायका काय काय करत होत्या म्हणून सांगू! एक जण नुसतं बोट फिरवत बसली. एकीनं नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "बघ, बघ, दोन गोल, आणि तू म्हणायचास एकच!"

काल शेहेचाळीस जणी आल्या. हॉलमधल्या खुर्च्या संपल्या. विलीन व्हायच्या बाजूच्या पोरी बोलल्या, आणि खरंच चांगलं बोलल्या. त्यांनाही चिखलात खेळायचा कंटाळा आलाय. मग कोणीतरी विचारलं, नाही म्हटलं आणि त्यांनी मैदान काढून घेतलं तर? मॉरीन बसूनच बोलली, "आम्हाला तर मैदान नव्हतंच. चेंडू कालव्यात जायचा, मी काढायचे. जागा शोधता येते गं. क्लब एकदा दिलात की तो परत मागायला कुठं जाणार?"

मोजणी झाली. विलीन व्हायला पस्तीस मतं हवी होती. बाजूनं एकवीस, विरोधात पंचवीस. ऑल्डनशॉ लेडीज ऑल्डनशॉ लेडीजच राहिला, काकू! मी ओरडले. सेक्रेटरीनं ओरडायचं नसतं, माहितेय.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सभेनंतर खुर्च्या रचताना अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "पहिल्या सभेत मी डोकी मोजली होती. सत्तावीसात एकवीस आमच्या बाजूच्या होत्या. तुझा अर्ध्या तासाचा नियम मी चालू दिला असता, तर त्याच दिवशी ठराव मंजूर झाला असता." सत्तावीसाचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वावीस, एकवीस मतं पुरली असती, काकू! मी मूर्खासारखी स्वतःचाच क्लब देऊन बसले होते, आणि त्यांनी मला थांबवलं. त्यांना हवं होतं ते हातात आलेलं असताना. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "कारण तसं लिहिलेलं नाही." आणि पुढची खुर्ची उचलली.

मैदान गेलंय. मोठ्या क्लबचं पत्र सकाळीच आलं. सप्टेंबरपासून शाळेच्या मैदानावर खेळायचं. तिथं एका बाजूला चढ आहे. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा सोबत पाठवतेय, तपासून दे.

तुझी,
गार्गी

•

तोआ पायोह
११ जून २०२५

चि. गार्गी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. शाळांना सुटी आहे, त्यामुळे श्रोते भरपूर होते. पंचवीस म्हटल्यावर काकांनी टेबलावर मूठ आपटली आणि ऋग्वेदानं घरभर पळत "वी वन लाह!" करून खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वर आणलं. त्यांनाही सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि पेरू देऊन गेले.

तुझ्या अध्यक्षबाईंना माझा नमस्कार सांग. मनापासून सांग, इंग्रजीत नुसतं हॅलो म्हणू नकोस. आपल्याला हवा तो निकाल समोर असताना नियमावर बोट ठेवणारं माणूस मला बावीस वर्षांत भेटलं नाही. मी स्वतः तरी तशी वागले असते का? आमच्या त्या वीस सभा अर्ध्या तासाच्या सोयीनं झाल्या, तेव्हा न आलेल्यांची वाट मी कधी पाहिली नाही. हे मला आता, बासष्टाव्या वर्षी, ऑल्डनशॉच्या बाईनं शिकवलं. त्यांना सोडू नकोस. त्या हरल्यात, त्यांना वाटेल आता राजीनामा द्यावा. दिला तर स्वीकारू नका.

मसुदा तपासला. पान दोन, ठरावाची सूचक लिहिलीयस, अनुमोदक नाही. पान तीन, मॉरीनबाईंचं भाषण "एका ज्येष्ठ सभासदांनी मत मांडले" असं लिहिलंयस. हे चालणार नाही. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि त्या जे बोलल्या ते शब्दाला शब्द. पन्नास वर्षांनी कोणी पोरगी तो डबा उघडेल, तिला कळायला हवं कोण बोललं. हजर शेहेचाळीस जणींची नावंही जोड. विरोधात गेलेल्या, बाजूनं गेलेल्या, सगळ्यांची. "इत्यादी" लिहू नकोस.

आणि इथली बातमी. मैदानातल्या पोरी आता नऊ झाल्या. परवा समोरच्या ब्लॉकमधल्या एका मुलीचे वडील आले आणि म्हणाले, आम्ही तीन-चार बाबा मिळून नीट टीम करतो, कोच आणतो, आंटी, तुम्ही दमू नका. भला माणूस आहे, हसून बोलला. मी म्हटलं, "जरूर या. शनिवारी सकाळी साडेआठला सभा आहे, हॉकर सेंटरमागच्या बाकांवर. विषय एक, टीमचं नाव ठरवणे. मतं नऊ, मुलींची. तुम्हाला मागं बसून ऐकता येईल." ऋग्वेदा त्याला म्हणाली, "अंकल, माय आजी इज द सेक्रेटरी." मी नाही म्हटलं नाही.

शनिवारच्या सभेची सूचना मी स्वतःच लिहून ब्लॉकच्या लिफ्टपाशी मुलींच्या हातात दिली. खाली सही केली, ती तुला इथं करून दाखवते.

वसुधा हरीश देवस्थळी
सेक्रेटरी
(माजी सेक्रेटरी, चैत्रवेल सहकारी गृहरचना संस्था, पुणे, १९९४ ते २०१६)